रिपोर्ट फाइलला लावलेला होता

मुंबईत बाळंतपणं करणाऱ्या खासगी प्रसूतिगृहांच्या चालकांना, तिथल्या स्त्रीरोग आणि बालरोगतज्ज्ञांना, आणि या प्रसूतिगृहांच्या नोंदणीवर सही करणाऱ्या आरोग्य अधिकाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी लॅब टेक्निशियन आहे. परळ-लालबाग भागात सव्वीस वर्षं हेच काम करते आहे. तुमच्याकडे नाव घालायला आलेल्या बायकांच्या रक्ताच्या नळ्या माझ्यासारखीच्याच हातून जातात. एएनसी प्रोफाइल, म्हणजे गरोदरपणातल्या रक्ततपासण्या, म्हणून तुम्ही जी चिठ्ठी देता, तिच्यात हिमोग्लोबिन, साखर, रक्तगट यांच्याखाली तीन नावं असतात: एचआयव्ही, एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी या काविळीसाठी), व्हीडीआरएल (सिफिलिस या गुप्तरोगासाठी). हे पत्र त्या तीन नावांबद्दल आहे. त्यातही मधल्याबद्दल जास्त.

कारण झालं ते तुमच्यातल्याच एका प्रसूतिगृहाकडून आलेलं उत्तर. पूर्व उपनगरातलं, बऱ्यापैकी चालणारं. नाव देत नाही, कारण दिलं तर बाकीचे सगळे सुटल्यासारखा श्वास सोडाल. माझ्या तक्रारीवर त्यांनी दोन ओळी कळवल्या: 'सदर रुग्णाची हिपॅटायटिस बी तपासणी वेळेत करण्यात आलेली असून अहवाल फाइलला लावलेला आहे. बाळास लस देण्यात आलेली आहे.' दोन्ही ओळी खऱ्या आहेत. तिथेच माझं डोकं फिरलं.

बाळंतपण माझ्या भाचीचं, मोठ्या बहिणीच्या मुलीचं. पहिलंच. सासर चिपळूणकडे, माहेर भांडुपला. तिला विचारूनच लिहिते आहे. म्हणाली, "मावशी, माझं नाव नको, बाकी सगळं लिही." सातव्या महिन्यात डोहाळजेवण आटोपून ती माहेरी आली, सोबत प्लॅस्टिकची निळी फाइल. अशा फाइली मी हजारांनी पाहिल्या आहेत. सगळ्यात वर सोनोग्राफी, कारण ती सगळ्यांना बघायची असते. मग औषधांच्या चिठ्ठ्या. तळाशी, दुमडलेले, रक्ताचे रिपोर्ट. तिसऱ्या महिन्यातल्या रिपोर्टवर एचबीएसएजीपुढे 'रिॲक्टिव्ह', म्हणजे पॉझिटिव्ह, होतं आणि त्याभोवती बॉलपेनने गोल. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, बाळंतपणाच्या वेळी डॉक्टरांना दाखवा. पोरीने दाखवला. इथे पुन्हा रक्त काढलं, पुन्हा रिॲक्टिव्ह आलं. मग काय झालं? फाइलच्या कव्हरावर लाल स्टिकर लागला, आणि रिसेप्शनवरच्या मुलीने सांगितलं की सिझर झालं तर प्रोटेक्शन किटचे पैसे वेगळे पडतील. बस्स. यापलीकडे त्या रिपोर्टचं काहीही झालं नाही.

मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. घरात कोणी बोललंच नाही. तिला वाटलं 'कावीळ' म्हटलं की आई घाबरेल, आणि शेजारच्या काकू काविळीची माळ घेऊन हजर होतील. डोळे तर पांढरे स्वच्छ, भूक व्यवस्थित, मग कसली कावीळ, असंही तिला वाटत होतं. या आजाराची खोच तीच आहे. वर्षानुवर्षं तो काही दाखवत नाही.

अनंत चतुर्दशीला, शनिवारी पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी मुलगा झाला. त्या दिवशी आमच्या लालबागमधून माणूस बाहेर पडू शकत नाही हे मुंबईकरांना सांगायला नको. मी रविवारी सकाळी आळिवाची खीर घेऊन भांडुपला पोचले. खोलीच्या दाराशी लटकवलेल्या फाइलवरचा लाल स्टिकर पाहिला आणि खीर खाली ठेवायच्या आधी विचारलं, बाळाला लस कधी टोचली?

सिस्टर म्हणाली, "उद्या. बालरोगतज्ज्ञ सर सोमवारी येतात."

आणि इम्युनोग्लोब्युलिन?

"ते काय, मॅडम?"

त्या सिस्टरवर माझा राग नाही. तिला कोणी शिकवलेलं नाही, आणि तिच्या पगारात तिने स्वतः शिकून घ्यावं अशी अपेक्षाही मी करत नाही. पण तुम्हाला माहीत आहे, म्हणून तुमच्यासाठी नव्हे, हे पत्र वाचणाऱ्या आयांसाठी लिहिते. आईच्या रक्तात हा विषाणू असेल तर बाळाला तो मुख्यतः जन्माच्या वेळी लागतो. आईचा विषाणूभार, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, जास्त असेल आणि काहीच संरक्षण दिलं नाही, तर शंभरातल्या ७० ते ९० बाळांना लागतो. मोठ्या माणसाला लागला तर बहुतेकांचं शरीर त्याला हाकलून देतं. वीस जणांत एखाद्याकडे तो कायमचा राहतो. नवजात बाळात हिशेब उलटा होतो: दहातल्या नऊ जणांकडे जन्मभर. पुढे तिशी-चाळिशीत यकृत कडक होणं, कर्करोग. आणि हे टाळायला लागतं काय? एका मांडीत लस, २४ तासांच्या आत. दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे या विषाणूविरुद्धच्या तयार अँटिबॉडींचं इंजेक्शन, शक्यतो १२ तासांच्या आत. दोन्ही वेळेत पडलं आणि पुढचे डोस पूर्ण झाले तर बहुतेक बाळं वाचतात. इथे तासांना किंमत आहे. रविवारी सकाळी मी दारात उभी होते तेव्हा तीस तास होऊन गेले होते.

लस जवळच्या एका बालरोगतज्ज्ञांच्या फ्रीजमधून मिळाली, त्यांचे उपकार. इम्युनोग्लोब्युलिन भांडुप-मुलुंडच्या चार मेडिकलमध्ये नव्हतं. "ऑर्डर टाकावी लागेल, उद्या डिस्ट्रिब्युटर उघडला की." शेवटी माझ्या लॅबच्या मालकांनी फोनाफोनी करून शोधलं तर ते निघालं परळला, मी सकाळी जिथून निघाले तिथून दहा मिनिटांवर. परत लोकल पकडली. येताना सॅम्पल न्यायची थर्मासची पेटी घेतली, त्यात बर्फाच्या पिशव्या, कुपी बर्फाला टेकू नये म्हणून मधे रुमाल. गोठलं तर वाया जातं. काही हजारांची ती बोटाएवढी कुपी मांडीवर घेऊन बायकांच्या डब्यात बसले होते. समोरची बाई म्हणाली, मासे का?

तीन वाजून पंचवीस मिनिटांनी दोन्ही सुया टोचल्या. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी आधी "सरांना विचारावं लागेल" म्हणून वीस मिनिटं घेतली, ती यात धरली आहेत. जन्मानंतर ३५ तास १५ मिनिटं. डिस्चार्ज कार्डावर 'बर्थ डोस' पुढे बरोबरची खूण आहे. वेळ लिहिलेली नाही. तेवढा चौकोनच कार्डावर नाही.

आता माझे आक्षेप. क्रमाने मांडायचा प्रयत्न करते, पण एकातून दुसरा निघतो त्याला इलाज नाही.

पहिला आणि सगळ्यात मोठा: ही तपासणी तुम्ही कोणासाठी करता? सव्वीस वर्षांत तुमचे मला जे फोन आले, त्यांतले बहुतेक असे: "टेबलवर घ्यायचंय, ट्रायडॉट (एचआयव्हीची झटपट तपासणी) आणि एचबीएसएजीचा रिझल्ट लवकर सांगा." म्हणजे हातमोजे एक घालायचे की दोन, हे ठरवायला. तुमच्या हाताला सुई टोचली तर धोका आहे, तो मला तुमच्याइतकाच आहे. मी या कामाला लागले तेव्हाच तीन डोस घेतले. स्वतःला जपा, कोण नाही म्हणतं? पण आजवर एकदाही, एकदाही, कोणी फोन करून विचारलं नाही की बाई पॉझिटिव्ह आहे, बाळासाठी काय तयारी ठेवू. पट्टीवरची दुसरी, पॉझिटिव्हची, रेघ फिकी उमटली तरी आम्ही ती रेघच धरतो, पुन्हा एलायझा ही दुसरी तपासणी लावतो, सही करताना दोनदा बघतो. ते सगळं तुमच्या स्टिकरसाठी करतो हे मला त्या रविवारी कळलं.

स्टिकरचंच घ्या. एचआयव्हीबाबत २०१७ चा कायदा आहे. संमतीशिवाय तपासणी नाही, निकाल गुप्त, उपचार नाकारायचा नाही. तो कायदा एचआयव्हीपुरता, म्हणून हिपॅटायटिसवाल्या बाईची फाइल दाराबाहेर लाल रंगात टांगायला तुम्ही मोकळे? भाचीच्या सासूबाईंनी तो स्टिकर वाचला. मग घरी ताट-वाटी वेगळी झाली. हा विषाणू ताटातून, हातातून, पापीतून पसरत नाही, रक्तातून आणि शरीरसंबंधातून पसरतो, हे मी त्यांना समजावलं. त्यांनी मान हलवली आणि ताट वेगळंच ठेवलं. त्याहून वाईट म्हणजे तुमच्याकडच्या एका आयाने सांगितलं की अंगावर पाजू नका, पावडर द्या. दीड दिवस ती पोर छातीत गाठी घेऊन रडत होती आणि चीक कापसाने टिपत होती. हिपॅटायटिस बी असलेल्या आईने बाळाला पाजायला हरकत नाही. हे एका वाक्यात सांगता येतं. ते वाक्य सांगायला तुमच्याकडे कोणी नव्हतं, स्टिकर चिकटवायला मात्र होतं.

एचआयव्हीचं उदाहरण मुद्दाम देते, कारण ते मी जवळून पाहिलं आहे. एक काळ होता, कळा सुरू झाल्या की आईला नेव्हिरापिनची एक गोळी आणि बाळाला सिरप, एवढंच हातात होतं. २०१४ पासून पॉझिटिव्ह निघालेल्या प्रत्येक गरोदर बाईला लगेच आणि कायमचं औषध सुरू होतं. बाळाला जन्मल्यापासून सिरप, सहा आठवड्यांनी टाचेतून रक्ताचे ठिपके घेऊन तपासणी, अठरा महिन्यांनी पक्की. काही केलं नाही तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना जो संसर्ग व्हायचा, तो उपचारांनी पाचाच्या खाली येतो. सरकारी केंद्रात समुपदेशक असते, ती बाई आली नाही तर फोन करते, घर शोधत जाते. श्रीलंकेने २०१९ मध्ये आईकडून बाळाला होणारा एचआयव्ही आणि सिफिलिस थांबवल्याचं जागतिक आरोग्य संघटनेकडून प्रमाणित करून घेतलं. जमतं. कोणीतरी पाठीमागे लागलं की जमतं. हिपॅटायटिस बीच्या बाईच्या पाठीमागे खासगीत कोणीच लागत नाही.

खरं तर तिच्यासाठी बाळंतपणाच्या खूप आधी करण्यासारखं होतं. रिॲक्टिव्ह आला की पुढची तपासणी विषाणूभाराची. तो मिलिलिटरमागे दोन लाख युनिटांच्या वर असला तर २८व्या आठवड्यापासून टेनोफोव्हिर हे विषाणू दाबणारं औषध देतात, म्हणजे बाळापर्यंत पोचायच्या आतच तो खाली येतो. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय हिपॅटायटिस कार्यक्रमात हे उपचार फुकट आहेत. भाची मुंबईत आली तेव्हा तिसावा आठवडा होता. तिचा विषाणूभार बाळ दोन महिन्यांचं झाल्यावर, मी मागे लागून, पहिल्यांदा मोजला गेला.

व्हीडीआरएलबद्दल थोडक्यात, कारण राग लांबतो. "आता कुठे असतो तो आजार" म्हणून तुमच्यातले काही जण चिठ्ठीतून ते नाव खोडतात. आम्हाला तो आजार अजून दिसतो. कधी बाळ पोटातच जातं आणि कारण कोणी शोधत नाही. लॅबवाल्यांनाही सांगते: रक्तात अँटिबॉडी भरमसाट असतील तर पातळ न केलेल्या सिरममध्ये कण दिसतच नाहीत, आणि सगळ्यात आजारी बाईचा रिपोर्ट 'नॉन-रिॲक्टिव्ह' जातो. शंका असेल तर पातळ करून बघा, टीपीएचए ही सिफिलिसची दुसरी तपासणी लावा. आणि डॉक्टर, बेंझाथिन पेनिसिलिनच्या २४ लाख युनिटांच्या इंजेक्शनला रिॲक्शनच्या भीतीने टाळू नका. गरोदर बाईला आणि पोटातल्या बाळाला दोघांनाही बरं करणारा भरवशाचा उपचार तोच आहे. तुमच्याकडे सोय नसेल तर जिथे आहे तिथे त्याच दिवशी पाठवा, महिनाभराने नको.

आणि नवरा कुठे आहे? तीनही तपासण्यांत बाई एकटी खुर्चीवर बसते. ती औषध घेते, तो घेत नाही, आणि सहा महिन्यांत पुन्हा तेच. भाचीच्या नवऱ्याचं रक्त मी स्वतः काढलं. निगेटिव्ह निघाला, त्याला लस सुरू केली. मग घरात प्रश्न आला, हिच्यात हे आलं कुठून? सासरची मंडळी ज्या नजरेने बघायला लागली ते लिहीत नाही.

म्हणून बहिणीचंही रक्त घेतलं. पट्टीवर थेंब टाकला आणि मी चहा करायला आत गेले, कारण मला बघवत नव्हतं. परत आले तेव्हा दोन रेघा होत्या, दोन्ही गडद. बहीण चष्मा लावून वाकून बघत होती. तिला वाचायला सांगावं लागलं नाही. म्हणाली, "म्हणजे माझ्याकडून?"

बहुधा हो. भाची १९९८ सालची. तेव्हा बहिणीची ही तपासणी कोणी केली नव्हती, आणि ही लस सरकारी लसीकरणाच्या यादीतही नव्हती. ती देशभर मिळू लागली २०११ पासून. त्या वेळच्या डॉक्टरांना मी बोल लावत नाही. त्यांच्याकडे ना रिपोर्ट होता ना कुपी. तुमच्याकडे रिपोर्ट होता, दोन-दोन होते, सातव्या महिन्यापासूनचा वेळ हातात होता, आणि कुपी परळला होती.

मागण्या साध्या आहेत. पैसा फार लागणार नाही.

रिॲक्टिव्ह रिपोर्ट आला की फाइलच्या पहिल्या पानावर, सोनोग्राफीच्याही वर, बाळासाठी काय करायचं ते लिहा: कोणती सुई, किती तासांत, कोण देणार, रात्री कोणाला फोन. आईला तो कागद समजावून एक प्रत तिच्या हातात द्या, कारण आपल्याकडे सातव्या महिन्यात बाई गाव बदलते आणि नवव्यात डॉक्टर. लसीची कुपी चोवीस तास तुमच्या फ्रीजमध्ये हवी, बाळ गणपतीत येवो की दिवाळीत. इम्युनोग्लोब्युलिन प्रत्येकाने ठेवावं असं म्हणत नाही; पॉझिटिव्ह आईला छत्तिसावा आठवडा लागला की तिच्या नावाने आणून ठेवा. लस टोचायला बालरोगतज्ज्ञांची वाट बघायची गरज नाही, सिस्टर टोचू शकते, सरकारी प्रसूतिगृहांत तीच टोचते. तसा लेखी आदेश तिला देऊन ठेवा. स्टिकर काढा. किटचे वेगळे पैसे घेणं बंद करा. सगळ्याच रुग्णांना सारखी काळजी घेऊन हात लावायचा असतो, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. पॉझिटिव्ह म्हणून ऐन कळांमध्ये दुसरीकडे पाठवू नका. नवऱ्याला बोलवा.

अधिकारी महोदय, तुमच्याकडे एकच मागणी. १९४९ च्या कायद्याखाली ही प्रसूतिगृहं तुमच्याकडे नोंदलेली आहेत. नूतनीकरणाच्या वेळी तुम्ही अग्निशमनाचा दाखला मागता, जैविक कचऱ्याचा मागता. तसंच एक रजिस्टर मागा. दोन रकाने: जन्माची वेळ, लस टोचल्याची वेळ. तास आणि मिनिटं. बरोबरची खूण चालणार नाही.

बाळ आता आठ महिन्यांचं आहे. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे डोस झाले. बसायला लागलं आहे, माझा चष्मा ओढतं. नऊ महिने पूर्ण झाल्यावर त्याची तपासणी करायची असते, त्याआधीच्या निकालाला अर्थ नसतो. रक्त मीच काढणार आहे. एवढ्याशा बाळाची शीर सापडायला कठीण, आणि बहीण म्हणते तुझा हात थरथरेल. बघू.

ज्या प्रसूतिगृहाने मला दोन ओळींचं उत्तर पाठवलं, त्यांना या पत्राची प्रत स्पीड पोस्टाने गेली आहे. पुढच्या उत्तरात वाक्यं नकोत. त्या बाळाच्या दोन वेळा फक्त लिहून पाठवा, बाळ जन्मलं ती, आणि तुमच्या माणसांनी आपण होऊन लस टोचायचं ठरवलं होतं ती.

आपली,
एक लॅब टेक्निशियन, लालबाग